मधल्या खोलीतलं सेलू

भक्तीनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला मी दिसलो नाही. झालं ते एवढंच. दुपारची वेळ होती, मधल्या खोलीत मी नेहमीच्या खुर्चीत बसलो होतो, मांडीवर वर्तमानपत्र होतं. ती दारात आली, उंबऱ्यावर पाय न ठेवता चौकटीला धरून वाकली आणि तिनं खोलीभर नजर फिरवली. नजर कपाटावरून आली, माझ्या गेलेल्या बायकोच्या, अंबिकेच्या फोटोवरून आली, माझ्यावरून आली आणि न अडखळता खिडकीकडे गेली. आयुष्यभर मी लहान मुलांच्या नजरा वाचत आलो आहे. रुसलेलं मूल मला कळतं. जिकडे पाहायचं नाही ती जागा त्याला पक्की ठाऊक असते आणि नजर तिथून जाताना जरा घाई करते. खेळात सोंग करणारं मूलही कळतं. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबलेलं असतं. भक्तीच्या चेहऱ्यावर यातलं काहीच नव्हतं. रिकामी खोली पाहावी तशी तिनं ती खोली पाहिली. "भक्ते," मी हाक मारली. ती वळली आणि घराच्या कडेच्या बोळातून, तापलेल्या फरशीवरून, अनवाणी पळत मागच्या अंगणाकडे गेली. खिडकीखालून तिच्या पायांचा आवाज गेला. हाक माझ्या तोंडातून निघाली होती की नुसती मनात उमटली होती, हे मला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

खेळ माझाच होता, हे आधी सांगायला हवं. नचिकेतनं, माझ्या मुलानं, मेच्या सुट्टीत सगळ्यांना युरोपला न्यायचं ठरवलं तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. सेलूत त्याचा दातांचा दवाखाना आहे, सूनबाई मधुवंती परभणीच्या कॉलेजात शिकवते. दोघं जेवताना फोन मध्ये ठेवून हॉटेलं बघतात. आधी पॅरिस, तिथून स्वित्झर्लंडमधलं तळ्याकाठचं एक गाव, मग व्हेनिस, शेवटी रोम. थोरली नात वैष्णवी अकरा वर्षांची. तिला सगळं आधीच माहीत असतं. धाकटी भक्ती सहा वर्षांची. तिला एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणं म्हणजे काय हेच कळेना. "मदी घरी यायचं न्हाई?" असं ती पुन्हा पुन्हा विचारी. मग मी माझी जुनी रीत काढली. शाळेत मी भूगोल फळ्यावर फारसा शिकवला नाही. मैदानावर चुन्याच्या फक्कीनं नकाशा आखायचा आणि मुलांना त्यावरून चालवायचं. पायांना पाठ झालं की डोक्याला आपोआप पाठ होतं. एकदा बबिता नावाच्या मुलीला मी गोदावरी केलं होतं. नाशिकापासून निघ आणि समुद्र येईपर्यंत थांबू नकोस, असं सांगितलं, आणि समुद्र आखायचा राहून गेला. ती मैदान ओलांडून फाटकाबाहेर गेली, रस्त्यानं गेली, आणि रेल्वे फाटकापाशी गेटमननं तिला धरून ठेवलं तेव्हा थांबली. मी धापा टाकत पोचलो. ती रडत नव्हती. "समुद्र आलाच न्हाई गुरुजी," म्हणाली. शिक्षकांच्या खोलीत आम्ही पुढं कितीतरी दिवस या गोष्टीवर हसलो. अलीकडे मला तिचा तो शांत चेहरा वारंवार आठवतो.

तर मी घराचं युरोप केलं. पुढचा व्हरांडा पॅरिस. स्वयंपाकघर स्वित्झर्लंड, कारण तिथं फ्रीज. मागच्या अंगणात पाण्याचा हौद आहे, ते व्हेनिस. देवघर रोम. "अन् संडास?" वैष्णवीनं विचारलं. "ते विमान," मी म्हणालो, "आत गेलं की कडी लावून गप बसायचं आणि सांगितल्याशिवाय उठायचं नाही." दोघी लोळून हसल्या. आणि या सगळ्यांच्या मध्ये असलेली ही खोली सेलू. मी सेलूत बसतो, तुम्ही जाऊन या, असं मी म्हणालो. तो खेळातला भाग होता, आणि नव्हताही. नचिकेतनं पाच तिकिटं काढलेली. मुंबईला जाऊन आम्ही व्हिसासाठी बोटांचे ठसे देऊन आलो. तिथल्या यंत्रावर माझी बोटं उमटेनात. खडूनं झिजली असतील. मी पुन्हा पुन्हा दाबत राहिलो आणि काचेखालचा हिरवा दिवा पुन्हा पुन्हा काहीच ठेवलेलं नसल्यासारखा विझत राहिला. "होतं असं वयस्कर लोकांचं, काका," तिथली मुलगी गोड हसून म्हणाली आणि मला उठवलं. व्हिसा आला. तरी मी येतो असंही म्हणालो नाही आणि येत नाही असंही म्हणालो नाही. "बाबा, रविवारपर्यंत काय ते सांगा," नचिकेत म्हणाला, "नंतर तिकीट रद्द करता येत नाही." मी म्हणालो, घर कोण बघणार? "कॅमेरा लावतो ना. रोममध्ये बसून घर बघा तुमचं. आणि चोर आलाच तर ही भांडीकुंडी बघून आपल्यालाच काहीतरी ठेवून जाईल." मधुवंती हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. "बाबा, आई गेल्यापास्नं तुम्ही या खोलीतनं हलायलाच तयार नाहीत," ती म्हणाली.

तिला काय सांगणार? माझ्या लहानपणी वडील सरकीच्या व्यवहारासाठी हैदराबादेकडे जात. ते निघाले की आई मला घराच्या मधोमध पाटावर बसवी. "घरात माणूस बसलेलं असलं की गेलेल्याला वाट घावते," ती म्हणायची. गाडी सुटल्याची शिट्टी ऐकू येईपर्यंत बसायचं असे. पण आई कामाला लागली की मला उठवायचं विसरून जाई, आणि मी बसून राही. शेजारच्या बायका येत, एकमेकींशी माझ्या डोक्यावरून बोलत. कुणी माझ्याजवळ सूप टेकवून ठेवी. काही वेळानं मला आपले गुडघे कुठे संपतात आणि पाट कुठे सुरू होतो ते कळेनासं होई. भीती वाटायची, आणि त्या भीतीत गोडीही होती. मी हललो तर लांब कुठे तरी वडिलांची वाट मोडेल, एवढी ताकद माझ्या बसण्यात होती. पुढे मी मास्तर झालो, दिशा आणि वारे आणि रेखांश शिकवले, पण घरातलं कुणी प्रवासाला निघालं की इथे येऊन बसायचं सोडलं नाही. नचिकेत शिकायला गेला तेव्हा बसलो. अंबिका माहेरी राणीसावरगावला जाई तेव्हा बसलो. सगळे परत आले. एकदाच, अंबिकेला नांदेडच्या दवाखान्यात नेलं तेव्हा, मी बरोबर गेलो आणि घराला कुलूप लागलं. ती परत आली नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही हे कोणत्याही मुलाला मी फळ्यावर सिद्ध करून दाखवीन. पण फळा पुसला की त्याखाली दुसरं काही लिहिलेलं असतं. या दोन पोरी समुद्रापलीकडे जाणार, आणि घराला कुलूप. माझ्या पोटात त्या कुलपाचा आवाज रोज होतो.

विमान पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारचं. समोरच्या चांगुणाबाईंनी ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "शुक्रवारी पश्चिमंला? दिशाशूळ हाय की गुरुजी." नचिकेत म्हणाला, "मावशी, विमान काय पंचांग बघून उडतंय का?" "इमान नसंल बघत. तू बघ. तू काय इमान हाईस व्हय रे दातपाड्या?" त्यांचं म्हणणं होतं, पस्तान ठेवा. ही आमच्याकडची जुनी सोय आहे: निघायचा दिवस वाईट असला तर आधीच्या चांगल्या दिवशी तांदूळ, हळकुंड आणि जाणाऱ्या प्रत्येकाच्या नावाची एकेक सुपारी कापडाच्या धडप्यात बांधून जायच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायची. गाठोडं गेलं म्हणजे माणूस निघाला. मग पुढचा दिवस कसा का असेना. चांगुणाबाईंचं घर गल्लीपलीकडे, पश्चिमेलाच. बुधवारी सकाळी चांगुणाबाई न्यायला आल्या, त्यांच्यासमोर मी गाठोडं बांधलं. भक्ती माझ्या मांडीला टेकून बघत होती. "म्हंजी आपण निघालो?" मी चांगला शिक्षक आहे, मुलानं विचारलं की अर्धवट उत्तर देत नाही. "निघालो," मी म्हणालो. "आता आपण घरात दिसलो तरी घरी नाही. सगळी गावं करून आल्याशिवाय घरी परत यायचं नाही." तिनं मान हलवली. बबितानंही अशीच हलवली होती.

त्या दिवसापासून ती मधल्या खोलीत आली नाही. व्हरांड्यातून स्वयंपाकघरात जायचा रस्ता या खोलीतूनच आहे, पण ती बाहेरून, बोळातून जाऊ लागली. उन्हात फरशी अशी तापते की मांजरसुद्धा कडेच्या सावलीतून चालतं. तिचे तळवे लाल झाले. ती पॅरिसमध्ये जेवायची, व्हेनिसमध्ये खेळायची, रात्री पॅरिसमध्येच आईजवळ अंथरूण टाकून झोपायची. आई-बापाला त्याचं कौतुक. मग भरायच्या मोठ्या बॅगा आल्या आणि हॉलमध्ये उघड्या पसरल्या, त्यांनी मधल्या खोलीचं पुढचं दार जवळजवळ अडवलं, आणि वैष्णवीही बोळातून जाऊ लागली. मग नचिकेत. मग मधुवंतीसुद्धा. "बाबा, चहा," असं म्हणून ती बोळातून जाता जाता खिडकीच्या कठड्यावर कप ठेवते. आत बघत नाही. हातात दुसरं काही असतं. माझे गुडघे दुखतात, बॅगा ओलांडून जाणं जिवावर येतं, म्हणून ताटही मी इथेच मागवून घेतो. कारणं सगळी सरळ आहेत. एकेक तपासून पाहिलं तर कुठेच खोट नाही. पण माणसं माझ्याभोवतीनं जातात, घराच्या चारी बाजूंनी त्यांचे आवाज येतात, हसण्याचे, भांड्यांचे, चेन ओढल्याचे, आणि मध्ये या खोलीत पंखा फिरतो. काल कठड्यावरचा चहा घ्यायला उठलो तर कप रिकामा होता. तळाला साय चिकटलेली. मी प्यायलो असेन. जिभेवर चव नव्हती.

परवा वैष्णवी फोन घेऊन आली होती. ती शेवटची आत आलेली. फोनवरच्या नकाशात तिनं पॅरिसच्या हॉटेलची गल्ली दाखवली, गल्लीत आपण चालतोय असं दिसत होतं, झाडं, सायकली, माणसं. माणसांचे चेहरे पुसलेले. "असे का गं?" "ओळखू येऊ नयेत म्हणून पुसतात आजोबा." मग म्हणाली, आपली गल्लीपण हाय यात, आणि बोट सरकवलं. आमचं फाटक आलं, तुळस आली, उघडं दार, आणि दाराच्या आत, बरंच आत, अंधारात ही खुर्ची. खुर्चीत कुणीतरी बसलेलं. तोंड पुसलेलं. "तुम्हीच ना?" वैष्णवी म्हणाली. असणार मीच, दुसरं कोण? पण फोटो काढणारी गाडी गल्लीतून गेल्याचं मला आठवत नाही, आणि बसायची ती रीत, गुडघ्यांवर दोन्ही तळवे पालथे ठेवून, माझी नाही. तशी मी पाटावर बसताना बसत असे. आई तसं बसवी.

हे सगळं माझ्या मनात फिरत होतं आणि भक्तीच्या त्या नजरेनंतर वर्तमानपत्राचं एकही अक्षर मला लागत नव्हतं. मागच्या अंगणातून दोघींचा आवाज आला. वैष्णवी तिला चिडवत होती. "ए खुळे, बास की आता. आजोबा एकटेच बसलेत आत. जा, बोल त्यांच्याशी."

"आत कुणी न्हाई."

"मग आजोबा कुठंयत?"

"आलेत की आपल्यासंगं," भक्ती म्हणाली. हौदातलं पाणी तांब्यानं कुठेतरी ओतल्याचा आवाज झाला. "ते म्होरं गेलेत. रोमला."

"गप गं. ते येणार न्हाईत. पप्पा बोलत होते."

"येणार न्हाईत कसं? त्यांची बी सुपारी हाय गाठुड्यात."

नव्हती. गाठोडं मी बांधलं होतं. नचिकेतची, मधुवंतीची, दोघी पोरींची. चार सुपाऱ्या, पांढऱ्या धडप्यात, तांदळावर ठेवलेल्या मला स्वच्छ दिसत होत्या. ठेवणारा मी, राहणारा मी. माझी सुपारी ठेवायचा प्रश्नच मला पडला नव्हता. मग मला वाटलं, पोरीला हे दाखवावं. शिकवण्यातली चूक शिकवूनच दुरुस्त होते. गाठोडं आणावं, तिच्यासमोर सोडावं, बघ, आजोबांची सुपारी नाही, आजोबा सेलूतच आहेत, ये, बस मांडीवर. गाठोडं परत घरात आणणं म्हणजे निघालेला प्रवास मोडणं, हे मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्या विचारानं क्षणभर बरं वाटलं. कुणीच गेलं नाही तर कुणाची वाट धरून बसायला नको. पण मोडलाच तर त्या पोरीचं पॅरिस, तिचं व्हेनिस, लाल झालेले तळवे यांचं काय करायचं? मी उठलो. बॅगांच्या कडेनं भिंतीला धरून गेलो. हॉलमध्ये मधुवंती पाठमोरी बसून कपड्यांच्या गुंडाळ्या करत होती. तिनं वर पाहिलं नाही. गल्लीतलं ऊन अंगावर आलं तेव्हा किती दिवसांनी बाहेर पडलो ते ध्यानात आलं.

चांगुणाबाई शेवया पसरलेल्या खाटेजवळ पाखरं हाकत बसल्या होत्या. "या गुरुजी. निघाले का?" गाठोडं बघायचंय म्हणालो. "आता बघून काय करता? ठिवलं ते ठिवलं." तरी उठल्या, कोनाड्यातून गाठोडं काढलं आणि उंबऱ्याच्या आतच माझ्यासमोर धरलं. "हितंच सोडा. भाईर न्यायचं न्हाई." गाठ माझीच होती, शाळेत नकाशाच्या गुंडाळीला मारायचो तशी. मी ती सोडली. तांदळावर पाच सुपाऱ्या होत्या. बोटानं बाजूला करून पुन्हा मोजल्या. "कुणी टाकली ही?" माझा आवाज चढला असावा. चांगुणाबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "आवो, तुमीच. माझ्या म्होरं. गाठ मारली, मग पुन्यांदा सोडली, खिशातून काढली, अन् म्हणले, ही माझी. म्या मनात म्हणलं, बरं झालं बाबा, मास्तर घराभाईर निघाले एकदाचे." मी खिशाला हात लावला, जणू अजून ती तिथं सापडेल. काही आठवेना. सुपारीचा खरखरीतपणासुद्धा बोटांना आठवेना. पण त्या बोटांचं काय, काचेवरही ती उमटली नव्हती. मग बुधवारपासून मी निघालेला होतो. आणि बुधवारपासून खुर्चीत, पंख्याखाली, कठड्यावरचा चहा पीत—

"बसा, पाणी देते. रंग उतरलाय तुमचा."

"नको," मी म्हणालो. गाठोड्याला पुन्हा गाठ मारली. पाचही आत.

गल्ली ओलांडली. फाटकातून आत आलो तर भक्ती व्हरांड्यात, पॅरिसमध्ये, ओल्या फ्रॉकनं उभी होती. तिनं मला पाहिलं. पाहिलं म्हणजे पूर्ण पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत, आणि तिचं तोंड उजळलं. "आजोबा! रोमहून आले पण?" तिनं माझं बोट धरलं. तिचा हात गार होता, पाण्यात खेळलेला, आणि त्या गार हातानं माझ्या हाताला त्याची कड पुन्हा सापडली. मला तिला उचलून घ्यायचं होतं. त्याऐवजी मी, सवयीनं, प्रश्न विचारला. कदाचित विचारायला नको होता. "आपण सगळे इथं. मग सेलूत कोण राहिलं, सांग बघू?"

ती माझं बोट सोडून हॉलच्या दारापर्यंत गेली, बॅगांवरून वाकली आणि आत, मधल्या खोलीकडे, डोळे बारीक करून पाहू लागली. सकाळी शाळेत उशिरा आलेलं मूल आपली जागा कोणी घेतली आहे का ते पाहतं, तसं. मग परत आली. चेहऱ्यावर भीती नव्हती.

"हाय की बसलेलं."

"कोण?"

"तोंड दिसंना. असं बसलंय," ती म्हणाली, आणि खाली मांडी घालून, दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे ठेवून दाखवलं.

आत पंखा फिरत होता. कठड्यावर कप सरकल्याचा आवाज झाला. मधुवंतीनं उचलला असेल, पण मधुवंती माझ्या डोळ्यांसमोर हॉलमध्ये गुंडाळ्या करत होती. तिनं आता मान वर केली. "अय्या, बाबा, तुम्ही बाहेर कधी आलात?" लांब स्टेशनावर गाडीनं शिट्टी दिली, सुटतानाची, लांबट. शिट्टी ऐकू आली की उठायचं असतं. आई विसरून जायची म्हणून मी बसून राहायचो, इतकी वर्षं. मान जरा डावीकडे वळवली असती तर हॉलच्या दारातून मधली खोली मला दिसली असती. मी वळवली नाही.

"मधुवंती," मी म्हणालो, "नचिकेतला फोन कर. म्हणावं, मी येतोय."

ती उठून उभीच राहिली. "खरंच? मग घर?"

"घरी आहे माणूस," मी म्हणालो. तिला तो विनोद वाटला असावा. ती हसत फोन शोधू लागली.

भक्तीनं माझं बोट ओढलं. व्हेनिस राहिलंय, म्हणाली. मी चपला काढून ठेवल्या आणि तिच्यामागून बोळात शिरलो. फरशी तळव्यांना भाजत होती, डाव्या हाताला भिंत होती, भिंतीत मधल्या खोलीची खिडकी होती. खिडकीजवळ आलो तसा आतल्या अंधाराचा गारवा कानाला लागला. भक्ती थांबली नाही, मीही थांबलो नाही. अंगणाच्या तोंडाशी तिनं हौदातलं पाणी ओतून ओतून तळं करून ठेवलं होतं, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, ओलांडायला कोरडी जागा नव्हती.

"आजोबा, धोतर वर धरा," ती म्हणाली. "समुद्र आला."